लामाच्या चालीनं

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा दक्षिण किनारा. ठिपकेदार खोडांची उंच निलगिरी, खाली बुरावांग या ताडासारख्या दिसणाऱ्या झुडपाची काटेरी पानं, आणि पायवाटेवर एकामागं एक निघालेले लामा. पाठीवर खोगीर, दोन्ही बाजूंना पिशव्या. जेवण, पाणी, चहाचा थर्मास, सगळं त्यांच्या अंगावर. आपल्या हातात नुसती दोरी.

जरा पायांकडं बघा. खूर नाहीत. दोन बोटं, पुढं नखं आणि तळाला मऊ गादी, थेट उंटासारखी. लामा आहेच उंटाच्या कुळातला. हे कूळ मूळचं उत्तर अमेरिकेचं. एक शाखा आशियाकडं आली, दुसरी दक्षिण अमेरिकेत उतरली. तिथं अँडीजच्या डोंगरांत माणसानं रानटी ग्वानाको माणसाळवला. हजारो वर्षांनंतरचा त्याचा वंशज आपल्यापुढं चालतोय.

ऑस्ट्रेलियात या गादीला मोल आहे, कारण इथं मुळात खुराचं जनावर नव्हतंच. १७८८ साली ब्रिटिश जहाजांतून गुरं, मेंढ्या, घोडे उतरले. त्यांच्या खुरांखाली माती दडपत गेली, ओढ्यांचे काठ ढासळले. लामा गेल्यावर वाट तितकी उखणत नाही. तरी राष्ट्रीय उद्यानांत पाळीव जनावरांना सहसा मज्जावच.

वाटाड्याच्या सूचना मोजक्या. तोंडाला हात लावायचा नाही, मानेवर थोपटायचं. थुंकतील म्हणून घाबरू नका. ते भांडण बहुतेक त्यांचं आपापसातलं, खाण्यावरून. बुरावांगला मात्र तोंड लावू द्यायचं नाही, ती विषारी. आणि घाई करायची नाही. एक लामा ठरल्या जागी लेंड्या टाकायला थांबला, की बाकीचेही तिथंच रांग लावतात. आपण उभे. एरवी भराभर डोंगर चढणाऱ्या ट्रेकरची इथं खरी परीक्षा!

लामा आणि लोकरीसाठी पाळला जाणारा त्याचा भाऊबंद अल्पाका इथं आणायचा मोठा खटाटोप १८५८ सालचा. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यानं निर्यातबंदी चुकवून अँडीजमधून कळप काढला आणि समुद्रमार्गे सिडनीला उतरवला. लोकरीचा धंदा मात्र बसला. याच गृहस्थानं पुढं बोलिव्हियातून सिंकोनाचं, म्हणजे ज्याच्या सालीतून हिवतापावरचं औषध क्विनाइन निघतं त्या झाडाचं, बी मिळवलं. ते डचांनी घेतलं, आणि जावा बेट क्विनाइनचं कोठार झालं.

ओढ्याकाठी मुक्काम. खोगीर उतरताच एक लामा धुळीत मनसोक्त लोळून घेतो. चहा ओतला जातो, आणि हमखास कुणीतरी विचारतंच, ‘याच्यावर बसता येतं का?’ नाही. दीडशे किलोचा लामा तीस-पस्तीस किलो नेतो; ओझं जास्त झालं तर सरळ बसकण मारतो. मग पिशव्या हलक्या केल्याशिवाय उठत नाही.