वेगाचा हिशेब

प्रौढ माणसाच्या अंगात सगळे मिळून साधारण ४ ग्रॅम लोखंड असते. एखाद्या लहान खिळ्याएवढे. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते आणि आत्ता आपण घेतलेल्या श्वासातला प्राणवायू तेच अंगभर पोचवते आहे. ‘मी कोण’ हा अध्यात्मातला पहिला प्रश्न. त्याच्याकडे आज या लोखंडाच्या वाटेने जाऊ.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. आरंभी होते ते हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम. लोखंडाचा एक कणही नव्हता. तो घडला ताऱ्यांमध्ये. तारा फुटतो तेव्हा निकेल-५६ हे किरणोत्सर्गी निकेल तयार होते. त्यातले निम्मे ६ दिवसांत कोबाल्ट होते आणि त्या कोबाल्टमधले निम्मे ७७ दिवसांत लोखंड. स्फोटानंतर कित्येक आठवडे आकाशात जो उजेड दिसत राहतो, तो बराचसा या किरणोत्सर्गाचाच. लोखंड जन्माला येतानाचा उजेड म्हणा हवे तर.

पुढे ४५४ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आकाराला आली. तिच्या पहिल्या समुद्रांमध्ये लोखंड विरघळलेले होते. मग सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्म जीव सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडून प्राणवायू बाहेर टाकू लागले. समुद्रातले लोखंड गंजले, तळाशी बसले आणि त्याचे तांबड्या-करड्या पट्ट्यांचे खडक झाले. आज आपण खणतो ते बरेचसे लोहखनिज याच खडकांतले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेतही साठू लागला. तेव्हाच्या बऱ्याच जीवांना तो विष होता, आपल्याला तो प्राण आहे.

इथे हमखास एक प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. विश्व सतत बदलतेच आहे, जीवाणूंनीही हवा बदलली, मग माणसाने बदलली तर बिघडले कुठे?

बिघडते ते वेगामुळे. मागचे हिमयुग सरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत ८०च्या आसपास वाढला, आणि त्याला सुमारे ७००० वर्षे लागली. हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर होता. म्हणजे हजारो वर्षांत झाली त्याहून मोठी वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली. जंगल थंड प्रदेशाकडे सरकू शकते, पण बी पडून, रुजून, वाढून, पुन्हा बी धरून. झाडाची पिढी घाईने उरकता येत नाही.

दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. सायनोबॅक्टेरियांना आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते. आपल्याला कळते. शीतकांमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोनचा थर झिजेल, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले. क्लोरीनचा एक अणू स्वतः न संपता ओझोनचे हजारो रेणू मोडत राहतो, म्हणून थोडासा वायूही पुरतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे विवर उघड झाले, १९८७ मध्ये अशा द्रव्यांना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. ती द्रव्ये बनवणे जवळजवळ थांबले, तरी अंटार्क्टिकावरचा थर पूर्ववत व्हायला या शतकाचा उत्तरार्ध उजाडेल, कारण हवेत गेलेले रेणू दशकानुदशके टिकतात. माणसाला कळलेले वळले, याचा हा पुरावा आहे. ‘पृथ्वी आई आहे, ती पोटात घालेल’ असे म्हणणाऱ्यांनी मात्र त्यातली दशके मोजावीत. रसायनशास्त्रात क्षमा नसते.

माझ्या लेखी अध्यात्म म्हणजे अवधान, आणि अवधान बसते ते हाताने काही केले की. म्हणून मातीचा एक साधा प्रयोग सांगतो. एकाच जातीच्या जमिनीतली, वरच्या दोन-तीन बोटांतली दोन ढेकळे घ्या: एक वारंवार नांगरलेल्या जागेतले, दुसरे वर्षानुवर्षे गवताखाली राहिलेले. सुपारीएवढे तुकडे सावलीत पूर्ण वाळू द्या. ओलसर ढेकूळ वापरले तर प्रयोग फसतो. ढेकूळ फुटते ते आत शिरणाऱ्या पाण्याने कोंडलेली हवा दाबली जाते म्हणून, आणि ओल्या ढेकळात ती हवाच कमी असते. दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरा, तोंडाशी तारेची जाळी पाण्यात बुडेल अशी अडकवा आणि ढेकळे अलगद ठेवा. पाच मिनिटे नुसते पाहा.

नांगरटीतले ढेकूळ बहुधा बुडबुडे सोडत ढासळते, पाणी गढूळ होते. गवताखालचे बराच वेळ तग धरते. बारीक मुळ्या, बुरशीचे तंतू आणि जीवाणूंचा चिकट स्राव यांनी त्याचे कण बांधलेले असतात. नांगराच्या प्रत्येक फेरीत ही बांधणी तुटते, आत हवा खेळते आणि सेंद्रिय भाग झपाट्याने कुजून जातो. मग उघड्या जमिनीवर आपटणारा पावसाचा थेंब कण सुटे करतो, ते छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहते.

हेक्टरभर जमिनीवरून केवळ १ मिलिमीटर थर गेला, तर ती १० घनमीटर, म्हणजे जवळपास १३ टन माती होते. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही. उलट १ सेंटिमीटर माती घडायला बहुतेक ठिकाणी शेकडो वर्षे लागतात.

आता नांगरटीतल्या जागेचा एक तुकडा वेगळा ठेवा. तिथे खणणे थांबवा, वर पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन घाला आणि काहीतरी जिवंत मूळ बारा महिने जमिनीत राहू द्या. सुकलेला पाचोळा मातीत मिसळू नका, वरच राहू द्या. मिसळला की तो कुजवताना जीवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. दर वर्षी त्याच ऋतूत, तितक्याच खोलीवरचे ढेकूळ काढून पाण्यात ठेवा आणि किती मिनिटे टिकले ते लिहून ठेवा. पहिल्या वर्षी आकडा फारसा हलला नाही तरी आच्छादन काढू नका. बुरशीचे तंतू आपल्या चालीने वाढतात.