भात शिजेपर्यंतची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपल्याला मुळशीच्या पाण्याला सायकलनं वळसा घालायचा आहे. पुण्याहून निघायचं, मुळशी धरणाच्या कडेकडेनं घाटमाथ्यापर्यंत जायचं आणि पवना धरणाच्या काठानं परत यायचं. सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, आणि ती मी पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओवर पान उलटून मागे बघता येत नाही. मुळशीचं पाणी उजव्या हाताला ठेवा.

का, ते सांगतो. हिवाळ्यात भल्या सकाळी त्या बाजूला वारा पडलेला असतो. दुपार झाली की कोकणाकडून पश्चिमेचा वारा वर चढायला लागतो. सकाळी पश्चिमेकडे निघालात, तर पडलेल्या वाऱ्यात निम्मं अंतर कापून होतं आणि दुपारी तोच वारा पाठीशी येतो. उलट्या बाजूनं गेलात, तर दमलेल्या पायांनी त्याला छातीवर घ्यावं लागतं. मी दोन्ही करून पाहिलंय. म्हणून म्हणतो, पाणी उजव्या हाताला.

चांदणी चौकातून भूगाव, मग पिरंगुट, तिथला छोटा घाट आणि पौड. इथवरचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिथली रहदारीही. ती उजाडायच्या आत मागे टाकायची. पौडला थांबा, पोटभर खा, बाटल्या भरून घ्या. पौडला बाटल्या भरा, हेही दोनदा सांगतो, कारण पुढे दुकानं विरळ होत जातात आणि ताम्हिणी घाटाचा रस्ता सोडल्यावर तर मैलोगणती एकही लागत नाही.

पौडच्या पुढे धरणाची भिंत दिसते, मग पाणी दिसतं, आणि मग रस्ता असा वागायला लागतो की नवख्या माणसाला कोडं पडतं. समोरचं गाव डोळ्यांना दिसत असतं. घरांची कौलं मोजता येतील इतकं जवळ. पण रस्ता तिकडे जातच नाही. तो आत वळतो, ओढ्याच्या टोकापर्यंत जातो, मोरी ओलांडून पुन्हा बाहेर येतो. पुढचा ओढा आला की पुन्हा तेच. पंजा पसरून टेबलावर ठेवा आणि प्रत्येक बोटाच्या कडेनं पेन्सिल फिरवा, तसा हा रस्ता आहे. तो असा का आहे, हे मला एका आजीनं सांगितलं. ती हकिकत आज सांगायचीच आहे, बाकीचं मग बघू.

वीसेक वर्षं झाली असतील. नोव्हेंबर होता. ताम्हिणी घाट उतरायच्या आधी, निवे गावाजवळ, उजवीकडे वडुस्ते, भांबर्डे करत लोणावळ्याकडे जाणारा फाटा आहे. त्या फाट्यानं मी एकटाच चाललो होतो. रस्त्यावर नुकतीच खडी टाकलेली होती. एका धारदार खड्यानं मागच्या टायरची कड चिरली. पंक्चर असतं तर दहा मिनिटांचं काम. पण इथे चांगला दोन बोटं लांब काप गेला होता. नवी ट्यूब घालून हवा मारली, तर त्या कापातून ट्यूबचा फुगा बाहेर आला. सायकलवाल्यांना माहीत आहे, अशा वेळी आतून गेटर बसवावा लागतो. म्हणजे जुन्या टायरचा तुकडा. माझ्याकडे नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. एसटी संध्याकाळी, असं कुणीतरी सांगितलं होतं.

सायकल ढकलत चाललो. रस्त्याच्या खालच्या अंगाला एक खळं होतं. भाताची झोडणी संपलेली, पेंढा एका बाजूला रचलेला. एक म्हातारी बसून गोण्या शिवत होती. ऐंशीच्या घरातली असावी. मला बघून म्हणाली, "का रं, चालत का निघालास? गाडी हाय न्हवं?"

मी टायर दाखवला. तिनं तो मांडीवर घेतला, कापावरून अंगठा फिरवला. काही बोलली नाही. हातात दाभण होतंच. रिकाम्या गोणीच्या तोंडाचा नायलॉनचा दोरा तिनं ओढून काढला, दुहेरी केला, दाभणात ओवला, आणि माझा टायर शिवायला घेतला.

तो टायर मी अजून ठेवलाय. सहा टाके आहेत. बाहेरून दाभण घालायची, आतून ओढून घ्यायची, प्रत्येक टाक्याला दोरा एकदा स्वतःभोवती फिरवून आवळायची. सहाव्या टाक्याला रबरात दाभणाचं टोक मोडलं. तिनं मोडक्या टोकाकडे एकदा बघितलं, उरलेला दोरा दातानं तोडला आणि गाठ मारली. मग युरियाच्या गोणीचा तुकडा कापला, चौपदरी केला आणि म्हणाली, "ह्यो आतनं घाल, म्हंजी गाठ टोचायची न्हाई." गाठ ट्यूबला घासणार, हे तिच्या ध्यानात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं.

मी टायर चढवत होतो तोवर तिनं कोरा चहा केला, गुळाचा. त्या चहाच्या तोडीचा चहा मी शहरात प्यायलो नाही. चहा पिता पिता समोर बघितलं, तर पाण्यापलीकडे एक गाव. मी विचारलं, "आजी, ते गाव किती लांब?"

ती म्हणाली, "आता का? आता तुझ्या गाडीनं बी लई टाइम लागंल. माझी सासू म्हणायची, पयलं चुलीवर भात ठिवायचा आन् त्यो शिजेस्तवर तिकडं जाऊन यायचं. आईला भेटून. त्ये तिचं म्हायेर."

भात शिजेस्तोवर जाऊन यायचं. श्रोतेहो, मी पाण्याकडे बघत राहिलो. सरळ वाट होती. ती पाण्याखाली आहे. आपण ज्या रस्त्यानं सायकल चालवतो, तो बुडालेल्या वाटेला घातलेला वळसा आहे.

हे धरण मुळा आणि नीला या नद्यांवर, १९२०च्या दशकात टाटांच्या वीज प्रकल्पासाठी बांधलं गेलं. पन्नासेक गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या, आणि जमिनी म्हणजे आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं. १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी म्हणून विनायकराव भुस्कुटे होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. बायाही उतरल्या, तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत लढा चालला, आणि धरण झालंच. इथलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेतात, ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला पडतं, तिथे १९२७ पासून वीज होते, आणि ती मुंबईला जाते. भिऱ्याहून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. कोलाडला आपण हौसेनं राफ्टिंग करतो, ते याच पाण्यावर.

आंबेमोहोराचं नाव निघालं म्हणून सांगतो. विषय सायकलचा आहे, पण हे मला बोलायचंच आहे. आंबेमोहोर कुकरमध्ये लावू नका. शिट्टीबरोबर त्याचा वास निघून जातो. पातेल्यात, झाकण अर्धवट ठेवून, मंद आचेवर करा. आणि घेताना मुळशी-मावळातल्या शेतकऱ्याकडूनच घ्या. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय खरं, पण त्या नावानं बाजारात काहीही विकतात.

तर, मी निघताना आजीला पैसे देऊ केले. तिनं माझा हात बाजूला सारला. "परत आलास तर दाभण आन," एवढंच म्हणाली. मी निम्मीच हवा ठेवली, उतारावर हळू गेलो. लोणावळा गाठलं, तिथून जुन्या महामार्गानं घरी पोचलो. टाके सुटले नाहीत.

पुढच्या नोव्हेंबरात बोहरी आळीतून दोन दाभणं घेतली, एक बारीक, एक जाड, आणि त्याच रस्त्यानं गेलो. खळ्यावर आजी होती. मला ओळखलं की नाही, कोण जाणे. सायकल मात्र ओळखली, कारण आधी मागच्या चाकाकडे बघितलं. जाड दाभण हातात घेतली, टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं, आणि समोरची गोणी ओढून शिवायला बसली. मी पाण्याकडे तोंड करून पुन्हा तसाच कोरा चहा प्यायलो.

घड्याळ बरंच पुढे गेलंय, तेव्हा उरलेला रस्ता भरभर सांगतो. भांबर्डे, मग चढण, सालतरच्या खिंडीकडून आंबवणे. उजवीकडे कोरीगड दिसतो. घुसळखांबला दोन वाटा होतात. दमला असाल तर सरळ लोणावळ्याला जा आणि लोकल पकडा. सायकल घेऊन लोकलमध्ये चढायचं असेल तर गर्दीची वेळ टाळा. पाय शाबूत असतील तर उजवीकडे तुंग किल्ल्याच्या दिशेनं वळा. तुंगच्या पायथ्याकडून चावसर, मोरवे, जवण. इथे पवनेचं पाणी डाव्या हाताला येतं, घाबरू नका, रस्ता चुकलेला नाही. मुळशीचं उजव्या हाताला, पवनेचं डाव्या हाताला. उन्हाळ्यात पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं, एरवी ते बुडालेलं असतं. समोर तिकोना किल्ला. जवणहून हाडशी, कोळवण आणि परत पौड. शेवटचा हा पट्टा वारा पाठीशी असताना फार सुखाचा आहे.

पावसाळ्यात हा पूर्ण फेरा करू नका. ताम्हिणीला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मोऱ्यांवर शेवाळ धरतं, दरडी येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच दिवस. २०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. आता या भागात सायकल दिसली की शाळेची पोरं कडेला उभी राहून हात हलवतात. त्यांना हात हलवून उत्तर द्या. आणि गाडीनं जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या पाण्याकाठी स्पीकर लावू नका. तिथे लोक राहतात, त्यांच्या अंगणातून तो रस्ता जातो.

सामान थोडंच घ्या. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, पुढचा-मागचा दिवा, थोडे सुटे पैसे. आणि जुन्या टायरचा चार बोटं लांब गेटर, खिशात मावतो, वजन काही नाही. माझ्या पिशवीत तो असतोच, आणि त्याच्या शेजारी सुतळीत गुंडाळलेली एक दाभण.

पौडला बाटल्या भरा. पाणी उजव्या हाताला ठेवा. वडुस्त्याकडे जाताना डांबराच्या खालच्या अंगाला खळी दिसतील. नोव्हेंबरात गेलात, तर गोण्या शिवायचं काम चालू असेल.

नमस्कार.