सोळा सूत्रं, आठ मोकळ्या जागा

नमस्कार श्रोतेहो. आजच्या भाषणात आकडे बरेच येणार आहेत, तेव्हा वही आणि पेन्सिल जवळ घेऊन बसलात तर बरं. पेन नको, पेन्सिलच घ्या. लिहिलेलं पुष्कळदा खोडावं लागणार आहे.

विषय आहे वर्षभराच्या वाचनाची आखणी. ‘रीडिंग चॅलेंज’ हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. त्यात पुस्तकांची नावं दिलेली नसतात, सूत्रं दिलेली असतात. समुद्रप्रवासात घडणारं पुस्तक वाचा, टोपणनावानं लिहिलेलं वाचा, तुमच्या जन्मवर्षी प्रसिद्ध झालेलं वाचा. सूत्र यादी करणाऱ्याचं, पुस्तक तुमच्या निवडीचं. अमेरिकेत पॉपशुगर आणि बुक रायट या संकेतस्थळांच्या अशा याद्या २०१५ पासून निघू लागल्या आणि तिथून हा प्रकार दूरवर पसरला. बुक रायटच्या यादीत २४ सूत्रं असतात, पॉपशुगरची ५० च्या आसपास जाते, आणि आठवड्याला एक या हिशेबानं ५२ सूत्रांच्याही याद्या असतात.

यातली कुठलीही यादी जशीच्या तशी उचलू नका. आपली यादी आपणच करावी. आणि ती करायला बसलात की ‘कोणती पुस्तकं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी पानं मोजा.

आज रात्रीच एक काम करा. घरातलं एखादं मराठी पुस्तक घ्या, फार सोपंही नको आणि फार जडही नको. घड्याळ समोर ठेवून २० मिनिटं नेहमीच्या गतीनं वाचा. घाई केलीत तर पुढचा सगळा हिशेब खोटा पडेल. किती पानं झाली ते मोजा. समजा १२ झाली. म्हणजे अर्ध्या तासात १८. आता रोजचा अर्धा तास धरा, पण आठवड्याचे पाचच दिवस. झाली ९० पानं. वर्षाचे आठवडे ५२ असले तरी ४८ च धरा. उरलेले चार आठवडे लग्नकार्य, परीक्षा, गणपती, आजारपण यांत जाणारच आहेत. ९० गुणिले ४८ म्हणजे ४,३२० पानं. पुस्तक सरासरी १८० पानांचं धरलं, तर वर्षाची पुस्तकं होतात २४.

हाच हिशेब ५२ पुस्तकांना लावून पाहा. पानं होतात ९,३६०, आठवड्याला १९५, दिवसाला ३९. म्हणजे रोज पासष्ट मिनिटं. ज्यांना ती काढता येतात त्यांनी अवश्य काढावीत. पण अर्ध्या तासाच्या माणसानं ५२ ची यादी घेतली, तर मार्चपर्यंतच तो मागे पडतो, मग पातळ पुस्तकं शोधू लागतो आणि जूनमध्ये वही बंद होते. यात आळसाचा काही संबंध नसतो. यादीच त्याच्या दिवसापेक्षा मोठी असते.

तर २४ पुस्तकं. आता यातल्या फक्त १६ जागांना सूत्रं लावा आणि ८ मोकळ्या ठेवा. माझा सगळा आग्रह या आठ जागांसाठी आहे. वर्षाच्या मध्यात एखाद्या लेखकाबद्दल नव्यानं कळतं, मैत्रीण एक पुस्तक हातात ठेवून जाते, एक कादंबरी संपली की तिच्याच लेखकाची दुसरी लगेच हवीशी वाटते. पूर्ण भरलेल्या यादीत या पुस्तकांना जागाच नसते. मग माणूस मनातलं पुस्तक बाजूला ठेवून यादीतलं वाचत बसतो आणि त्याला यादीचाच कंटाळा येतो.

आता सूत्रं कशी निवडायची? निवडीची कसोटी एकच ठेवा. हे सूत्र नसतं तर आपण ज्या कपाटापाशी गेलोच नसतो, तिथे ते नेतं का? ‘निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक’ हे सूत्र परदेशी याद्यांत हमखास असतं. ते काढून टाका. आपल्याकडे आवृत्ती बदलली की मुखपृष्ठ बदलतं, आणि निळा रंग तुम्हाला कुठल्याही नव्या विषयाकडे नेत नाही. ‘ए’ पासून ‘झेड’ पर्यंत अक्षरांची यादीही मराठीत तशीच करता येत नाही, कारण ङ, ञ, ण आणि ळ यांनी सुरू होणारे शब्द आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. अक्षरांऐवजी जिल्हे घ्या. महाराष्ट्राचे जिल्हे ३६, शिवाय गोवा आहे, आणि बेळगाव, इंदूर, बडोदा इथलं मराठी लेखन आहे. आपण कधीही न गेलेल्या जिल्ह्यातलं एक पुस्तक, हे सूत्र दर वर्षी वापरलं तरी शिळं होत नाही.

चांगलं सूत्र कसं काम करतं ते पाहू. ‘समुद्रप्रवासात घडणारी कथा’ असं सूत्र घेतलं, की मराठीत पहिलं नाव येतं विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चं, १९३९ सालचं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट आणि तिच्यावरचे निर्वासित. पुस्तक लहान आहे, दोन आठवड्यांत आरामात होतं. दुसरं सूत्र ‘टोपणनावानं लिहिलेलं पुस्तक’. इथे विभावरी शिरूरकर या नावानं १९३३ मध्ये आलेला ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह बसतो. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी. दोन वेगळ्या सूत्रांनी तुम्ही एकाच घरातल्या दोन लेखकांपाशी पोचलात. ही पुस्तकं लागोपाठ वाचा. तीसच्या दशकातल्या स्त्री-पुरुषांबद्दल दोघं काय आणि कसं लिहितात, हे मग आपोआप शेजारी शेजारी दिसू लागतं.

किंवा ‘एका सालाभोवतीची दोन पुस्तकं’ हे सूत्र घ्या आणि साल धरा १८५७. त्या वर्षी बाबा पद्मनजींचं ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झालं. त्याचा विषय हिंदू विधवांची स्थिती. आणि तेव्हाच्या उठावाच्या धामधुमीत पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत गेले होते, झाशीत अडकले होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ छापून आलं मात्र १९०७ मध्ये. एकच काळ, पण पहिल्यात घराच्या आतली घुसमट आहे आणि दुसऱ्यात तोफांचा मारा. असं सूत्र दोन जागा घेतं, आणि मी तरी त्या आनंदानं देईन.

‘शंभर पानांच्या आतलं पुस्तक’ या सूत्रात लोक घाईनं काहीही बसवतात. तिथे ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ ठेवा, १८८२ सालची. ‘नाटक’ या सूत्राला जोतीराव फुले यांचं ‘तृतीय रत्न’, १८५५ मधलं. ‘परदेश पाहिलेल्या स्त्रीचं लेखन’ असं सूत्र केलंत तर पंडिता रमाबाईंचं अमेरिकेच्या प्रवासावरचं १८८९ सालचं पुस्तक आहे. एक सावधगिरी मात्र हवी. एकोणिसाव्या शतकातलं गद्य सावकाश वाचावं लागतं. वाक्यं लांब, शब्द अनोळखी. तिथे अर्ध्या तासात १८ ऐवजी ९ पानं धरा, म्हणजे शंभर पानांचं पुस्तक हिशेबात दोनशेचं लिहा. हे न केल्यामुळे पुष्कळांची आखणी फसते.

‘जन्मवर्षी प्रसिद्ध झालेलं पुस्तक’ शोधताना पुस्तकाच्या आतलं पान उघडून ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांपुढचं साल पाहा. पुनर्मुद्रणाचं साल धरू नका. जुन्या पुस्तकांवर शक छापलेला असतो, त्यात ७८ मिळवा: शके १८०४ म्हणजे १८८२. फक्त जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवायचे. आणि ‘अनुवाद’ या सूत्रात इंग्रजीवरून आलेलंच पुस्तक घ्यायचं असं नाही. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या कन्नडमधून मराठीत आणल्या, तसं शेजारच्या भाषेतलं काही शोधा.

आता वही उघडा. डाव्या पानावर सूत्र लिहा. उजव्या पानावर त्या सूत्राखाली तीन नावं लिहा, पेन्सिलनं: एक घरात असलेलं, एक ग्रंथालयात मिळणारं, एक विकत घ्यावं लागणारं. तीन नावं कशाला? मराठी पुस्तकाची आवृत्ती संपली की नवी यायला किती काळ जाईल ते सांगता येत नाही. ग्रंथालयातली एकुलती एक प्रत कुणाकडे तरी गेलेली असते. एकच नाव लिहिलं असेल तर ते सूत्र तिथेच अडतं. जुन्या पुस्तकांना आणखी एक वाट आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की भारतात त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो, आणि अशी कितीतरी पुस्तकं मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सोळाच्या सोळा पुस्तकं जानेवारीच्या प्रदर्शनातून एकदम विकत मात्र आणू नका. एका वेळी दोनच आणा.

आता वर्ष मांडू. तीन महिन्यांना बारा वाचते आठवडे, म्हणजे १,०८० पानं आणि सहा पुस्तकं: चार सूत्रांची, दोन मोकळी. या सहांची जाडी अशी ठेवा: एक ३५० पानांचं, एक २५०, एक १८०, मग १२०, १०० आणि ८०. बेरीज बरोबर १,०८० होते. प्रत्येक तिमाहीत जाड-बारीक मिसळलेलंच हवं. जानेवारीत उत्साहाच्या भरात पाच पातळ पुस्तकं संपवली, तर ऑक्टोबरात समोर नुसते ठोकळे उरतात. सातशे पानांची कादंबरी वाचायची असेल तर दोन तिमाह्यांतल्या ३५० च्या जागा एकत्र करा आणि ती जूनच्या मध्यावर धरा. तिला आठ आठवडे लागतील, पावसाळ्याचे ते दिवस त्यासाठी चांगले.

कविता पानांनी मोजू नका. शंभर पानांचा संग्रह तीन दिवसांत वाचून होतो, पण हाती काही राहत नाही. रोज दोन कविता, महिनाभर, आणि चालू पुस्तकाच्या जोडीनं. तुकोबांची गाथा वर्षाच्या यादीत अख्खी बसवण्याचा हट्ट धरू नका; वारीच्या दिवसांत रोज दहा अभंग वाचा आणि तेवढं एक सूत्र पूर्ण झालं असं लिहा.

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दोन मोकळ्या जागा दिवाळी अंकांना द्या. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचं वर्ष या महिन्यांत वेगळ्या अंगानं चालतं. परदेशी यादीत याची सोय नसते, म्हणून आपले लोक नोव्हेंबरमध्ये ‘मागे पडलो’ म्हणून खंतावतात. अनेक ग्रंथालयं ठरावीक रकमेत दोन-तीन महिने अंक बदलून वाचू देतात. अंक पूर्ण वाचला असं कधी म्हणायचं, ते आधी ठरवा. माझ्या मते सगळ्या कथा आणि निदान चार लेख झाले की एक जागा भरली.

बाकीचे नियमही पहिल्याच दिवशी वहीच्या आतल्या बाजूला लिहून टाका. एक पुस्तक दोन सूत्रांत चालेल का? वर्षात दोनदा, जास्त नाही. अर्धवट सोडलेलं? ५० पानं वाचून मन लागलं नाही तर सोडा, आणि शंभर पानांच्या पुस्तकाला २५ पानं द्या. ते मोजायचं नाही, पण का सोडलं ते एका ओळीत लिहायचं. वर्षअखेरीला या ओळी फार उपयोगी पडतात. ऐकलेलं पुस्तक चालतं. घरातल्या कुणी वाचून दाखवलेलंही चालतं, ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनी हे मनात किंतू न ठेवता लिहावं.

मार्च, जून आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास वही घेऊन बसा. झालेली पानं आणि ठरवलेली पानं शेजारी लिहा. फरक २०० पानांच्या आत असेल तर काही बदलू नका. त्याहून जास्त मागे असाल तर एक सूत्र खोडून टाका. रोजचा वेळ वाढवून भरपाई करायला जाऊ नका, ती दोन आठवड्यांच्या वर टिकत नाही. खोडताना ज्याची तिन्ही नावं बघून हात पुढे जात नाही, तेच सूत्र खोडा. आणि एकाच सूत्राखालची दोन पुस्तकं वाचावीशी वाटत असतील तर दुसरं मोकळ्या जागेत घ्या. ती जागा त्यासाठीच ठेवली आहे.

वर्षाची सुरुवात १ जानेवारीलाच व्हायला हवी असंही नाही. पाडव्याला करा, मुलांच्या शाळेबरोबर जूनमध्ये करा. आज रात्री मात्र ती वीस मिनिटं घड्याळ लावून वाचा आणि आलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नमस्कार.