दगडाखालचं बिऱ्हाड

(अंधारी खोली. पंपाची बारीक घरघर. लाल उजेडात माशांच्या टाकीतला दगड.)

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. हे हरिपूर, सांगलीला लागूनच, कृष्णेला वारणा येऊन मिळते ते गाव. दारात गोड्या पाण्याच्या दोन नद्या आणि आमच्या माजघरात मात्र खारं पाणी. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ कालवायचं, की काचेत समुद्र तयार होतो.

आता जरा दगडाच्या त्या भेगेकडे बघा. बॅटरीला लाल कागद लावलाय, कारण पांढरा झोत पडला की पाहुणा परत आत पळतो. आलं बघा, गुलाबी-तपकिरी टोक. कोळंबीच्या तुकड्याचा माग काढतंय. अंगाची एकेक वळी सुटत जाते आणि प्रत्येक वळीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचा झुबका दिसतो.

हा ब्रिसलवर्म. दहावीच्या विज्ञानात वलयांकित प्राणी येतात: गांडूळ, जळू, नेरीस. त्याच संघातला हा, आणि नेरीसचा तर जवळचा भाऊबंद.

(जुनं चित्रण. बोटाचं पेर, अगदी जवळून.)

हे माझं बोट. हातमोजे न घालता दगड उचलला आणि खाजकुइलीला हात लागावा तशी आग झाली. नीट बघा, काचेच्या धाग्यासारखी कुसळं कातडीत रुतलीत. ती ठिसूळ असतात, चिमटीत धरायला गेलं की तिथंच मोडतात. चोळायचं तर अजिबात नाही. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढली, तीन-चार वेळा, तेव्हा बरीचशी निघाली. सूज चढत गेली किंवा धाप लागली, तर मात्र सरळ डॉक्टर गाठायचा.

त्या दिवसापासून मी वैर धरलं. रात्री चिमटा घेऊन बसायचो. एकदा अर्धा किडा हातात आला, अर्धा भेगेत राहिला. पुढं वाचनात आलं, की यांच्यातल्या काही जातींच्या तुकड्यांतून नवे किडे वाढतात. रक्तबीजाशी युद्ध मांडलं होतं मी.

आबा मागं येऊन उभे राहिले. सगळी हयात हळदीच्या रानात गेलेला माणूस.

"काय मारतोयस एवढं?"

"किडा आहे आबा. टाकी खाऊन टाकील सगळी."

त्यांनी चष्मा पुसला, काचेला नाक लावलं. "आरं, ह्ये तर गांडुळाच्या जातीचं हाय. गांडूळ कोण मारतंय व्हय?"

मला ते तेव्हा पटलं नाही. एक गोगलगाय मेली होती आणि शंखात चार किडे घुसलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. पण पुढं दुसरी गोगलगाय दोन दिवस उलटी पडलेली दिसली, हालचाल बंद. किडे आले ते त्यानंतर. सकाळी शंख लख्ख रिकामा. ते मांस पाण्यात सडलं असतं, तर अमोनिया वाढून माशांच्या जिवावर बेतलं असतं.

सगळेच असे गरीब नसतात, हेही सांगायला हवं. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला दाढीवाला फायरवर्म जिवंत प्रवाळ खातो. बॉबिट वर्म तर मासा ओढून नेतो. जपानमध्ये शिराहामाला २००९ साली सापडलेला एक २९९ सेंटिमीटर भरला होता. म्हणून मारण्याआधी ओळख पटवायची. फोटो काढा, डोक्याकडचा भाग बघा, जबडा दिसतो का पाहा.

औषध ओतायचा विचार माझ्याही मनात आला होता. पण दगडाच्या आत सगळे एकदम मेले, तर त्या कुजण्यानं टाकीतले मासेही दगावतात. किडे खाणारा ‘सिक्स लाइन रास’ नावाचा मासाही सुचवला गेला. चार किड्यांसाठी एक जीव वर्षानुवर्षं सांभाळायला आणायचा, हे मला बरोबर वाटत नाही.

मग एवढे वाढले कशानं? उत्तर घरातच होतं. आबा पहाटे उठून माशांना चिमूटभर दाणे टाकायचे. लेक शाळेतून आली की चिमूटभर. संध्याकाळी मी. उपाशी कुणी राहू नये, ही घरची रीत. क्लाऊनफिश दोनच, उरलेलं सगळं दगडाखाली जायचं. त्या बिऱ्हाडाचं रेशन आम्हीच भरत होतो.

(औषधाची छोटी बाटली, झाकणाला भोक. आत कोळंबीचा तुकडा.)

ही बाटली दिवे गेल्यावर वाळूत आडवी ठेवतो आणि उजाडायच्या आत काढतो. सुरुवातीला रोज भरायची. खरा फरक पडला तो खाणं कमी केल्यावर आणि पाणी बदलताना वाळूतला गाळ नळीनं ओढून घ्यायला लागल्यावर. महिन्या-दीड महिन्यात किडे विरळ झाले. संपले नाहीत, आणि संपवायचेही नाहीत मला.

एक विनंती आहे. दगड हवा म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. माझे दगड मिरजेत बंद होणाऱ्या एका टाकीतून आले, किडेही त्यांच्यासोबतच.

(पहाट. भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांवर पेन्सिलीच्या खुणा.)

दाणे टाकले की खूण करायची, असं ठरलंय. आबा दाण्यांची डबी हातात घेऊन आजची तारीख शोधतात. खूण आहे, लेकीनं आज लवकर उठून केलेली. ते डबी परत फडताळात ठेवतात आणि खुर्ची टाकीसमोर ओढून बसतात.