पिंपळाच्या पंखांचं झाड

(दृश्य : अंधारलेली खोली. हिरव्या फांद्यांच्या आत एक जाळीदार पंख, त्याच्या मागे मधाच्या रंगाचा उजेड.)

या पंखाला ना कागद लागला, ना प्लास्टिक. हे पिंपळाचं पान आहे. सोलापुरात पिंपळ शोधायला लांब जावं लागत नाही, आणि पिंपळपानाची जाळी वहीत जपलेली नाही असं घरही विरळा. नाताळच्या झाडावर पऱ्या बसवायच्या असतील, तर बाजारातल्या चकचकीत तयार पंखांपेक्षा ही जाळी कितीतरी सरस ठरते, कारण तिच्यातून उजेड गाळून येतो. पऱ्यांच्या झाडाची सगळी किमया याच एका गोष्टीवर उभी आहे : परी फांदीच्या टोकाला टांगायची नाही, आत बसवायची आणि तिच्या पंखामागे दिवा ठेवायचा.

(दृश्य : पिंपळाखाली गळलेली पानं. बादली, विटेचा तुकडा.)

कामाला नोव्हेंबरच्या मध्यापासूनच लागावं, कारण पंख तयार व्हायला तीन ते चार आठवडे जातात. नऊ पऱ्यांसाठी अठरा पानं हवीत; पण गोळा करावीत तीस, कारण साफ करताना एक तृतीयांश तरी फाटतात. सात-आठ सेंटिमीटरची लहान पानं घ्यावीत. गळालेलं पण अजून लवचीक असलेलं पान चालतं. कुरकुरीत वाळलेलं चालत नाही, आणि कोवळं तर मुळीच नाही. त्याच्या शिरा धरत नाहीत.

पानं बादलीत बुडवून वर विटेचा तुकडा ठेवायचा. बादलीच्या तोंडावर पातळ कापड घट्ट बांधायचं. हे विसरलं तर आठवड्याभरात त्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. पाणी आठ दिवसांनी बदलायचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा काढलेलं पाणी फेकू नये, कुंड्यांना घालावं. वास येतो, म्हणून बादली गच्चीवर ठेवलेली बरी.

पानाचा गर बोटाला बुळबुळीत लागून सुटायला लागला की वेळ झाली. पान ताटलीत पाण्याखालीच धरायचं आणि जुन्या मऊ टूथब्रशने टपटप करायचं. घासायचं नाही, घासलं की पान मधल्या शिरेपाशी फाटतं. आधी एक बाजू, मग दुसरी. देठ तीन सेंटिमीटर तरी राखायचं. पुढे पंख बांधायला तेच लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर शिरांवर पांढरे डाग उमटतात, म्हणून शेवटचं खळबळणं पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात करावं.

हाताशी महिना नसेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर एक ते दोन तास उकळायची. आटेल तसं पाणी घालत राहायचं. पातेलं स्टीलचंच हवं. सोडा ॲल्युमिनियमला खातो, भांडं काळं पडतं आणि तो काळेपणा पानांवरही चढतो. हातात रबरी मोजे घालावेत आणि हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. पानं झटपट होतात, पण भिजवलेल्या पानाइतकी चिवट राहत नाहीत.

जाळी वाळली की कडक होते, आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत तर बोटाच्या धक्क्यानेही तडकते. त्यावर उपाय म्हणजे एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी, मऊ ब्रशने एकच हात. वाळवायचं प्लास्टिकच्या कागदावर. वर्तमानपत्रावर ठेवलं तर पान चिकटतं आणि शाईही उचलतं.

(दृश्य : टेबलावर लाकडी मणी, केसाळ तार, नेट, सूत.)

आता परी. डोक्याला वीस मिलिमीटरचा लाकडी मणी. अंगाला तीस सेंटिमीटरची केसाळ तार. दुकानात ती पाईप क्लीनर म्हणून मिळते. तार मधोमध दुमडून मण्यातून ओवायची. वर इवलासा वेढा राहील, खाली दोन पाय. मण्याखाली बारा सेंटिमीटरचा दुसरा तुकडा पीळ देऊन बसवला की हात झाले. परी साधारण दहा सेंटिमीटरची भरते. पायांची उरलेली तार कापायची नाही. तिचा उपयोग पुढे सांगतो.

घागऱ्याला नेट. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, कापड घेतानाच एक मीटर नेट मागून घ्या, नऊ पऱ्यांना पुरून उरतं. सहा सेंटिमीटर रुंद आणि चाळीस लांब अशा दोन पट्ट्या एका परीला. एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घालायचा, दोरा ओढून चुण्या पाडायच्या आणि कमरेला गाठ मारायची. इथे गरम गोंदाची बंदूक वापरू नका. नायलॉनचं नेट तिच्या टोकापाशी वितळून भोक पडतं. झटपट चिकटणारा सुपरग्लूही नको, मण्यावर आणि जाळीवर पांढुरकी साय धरते.

केसांसाठी विटलेल्या सोलापुरी चादरीचं सूत उसवून घ्यावं. ते जाड असतं, त्यामुळे बारा-पंधरा धाग्यांत डोकं भरतं. चेहरा रंगवू नये. दोन ठिपक्यांचे डोळे पुरेत. ओठ-भुवया काढल्या की परीची बाहुली होते.

पंख सर्वांत शेवटी. दोन पानांची देठं पाठीवर फुलीसारखी ठेवून आधी दोऱ्याने बांधायची, मग वर फेविकॉलचा थेंब. नुसत्या गोंदावर भरवसा ठेवला तर पंख दोन दिवसांत लोंबतात. पिंपळपानाचं ते लांब शेपूट बाहेरच्या बाजूला, किंचित वर.

(दृश्य : रिकामं झाड. वाळूची बादली.)

पाच फुटी प्लास्टिकचं झाड खोक्यातून काढल्यावर खराट्यासारखं दिसतं. खालच्या फांद्यांपासून सुरुवात करून एकेक काडी वेगळी करायची. अर्धा तास जातो, पण ही पायरी गाळली तर आत परी बसवायला जागाच उरत नाही. सोबतचा तीन पायांचा स्टँड हलका असतो. बुंधा रंगाच्या दहा लिटरच्या डब्यात उभा करून वाळू ठासावी, म्हणजे लहान मुलाने ओढलं तरी झाड डोलत नाही. डब्याभोवती हिरवा सोलापुरी टर्किश टॉवेल चुरगाळून टाकायचा. त्याच्या दोन्ही अंगांच्या फुगीर कड्या दोन हातांवरून हुबेहूब शेवाळासारख्या दिसतात.

(दृश्य : तांब्याच्या तारेवरचे बारीक दिवे, एकेक उजळतात.)

या दिव्यांना फेअरी लाइट म्हणतात, आणि या नावामागे खरोखरच्या रंगमंचीय पऱ्या आहेत असं मानलं जातं. २५ नोव्हेंबर १८८२ रोजी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये एका संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यात पऱ्या झालेल्या नटींच्या केसांत विजेचे इवले दिवे चमकत होते. ते विजेच्या दिव्याचे इंग्रज संशोधक जोसेफ स्वान यांच्या कंपनीने बनवले होते. त्याच वर्षी २२ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे लावले. परीचा दिवा आणि झाडाचा दिवा अवघ्या महिन्याच्या अंतराने आले.

आपल्या झाडाला किती लागतील? खालचा घेर सुमारे २.८ मीटर, शेंड्याला शून्य, सरासरी १.४. दर पंधरा सेंटिमीटरला एक फेरा धरला तर नऊ फेरे, म्हणजे साडेबारा मीटर. पण तार नुसती भोवती गुंडाळायची नसते. प्रत्येक फांदीवर बुंध्यापर्यंत आत न्यायची आणि परत बाहेर आणायची, म्हणून लांबी दुपटीवर जाते. दहा मीटरच्या, शंभर दिव्यांच्या तीन माळा घ्याव्यात. रंग पिवळसर पांढरा. निळसर पांढऱ्या उजेडात पिंपळाची जाळी राखेसारखी दिसते. लुकलुकणं बंद करून दिवे स्थिर ठेवा.

माळ यूएसबीची घ्यावी. पाच व्होल्टवर चालते, तापत नाही, मुलांच्या हाताशीही निर्धोक. वीज गेल्यावर पॉवर बँकेवर लावली तर ती अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होऊ शकते. माळेत बिघाड नसतो. ती इतकी कमी वीज ओढते की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. तिन्ही माळा एकाच पॉवर बँकेवर लावून पाहाव्यात किंवा सेलच्या डबीची माळ आणावी. तांब्याच्या तारेवर फक्त लाखेसारखा पातळ लेप असतो. फांदीच्या टोचऱ्या तारेवर ती खसकन ओढली तर लेप खरवडतो, दोन तारा एकमेकींना टेकतात आणि दिवे विझतात. म्हणून पुठ्ठ्यावर गुंडाळलेली माळ हळूहळू सोडत जायची.

(दृश्य : छताचा पंखा फिरतो आहे. झाडावर परी बसवणारे हात.)

सोलापुरात डिसेंबरच्या दुपारीही पंखा लागतो. दोऱ्याने टांगलेली परी त्या वाऱ्यात गरगर फिरते, दोऱ्याला पीळ पडतो आणि संध्याकाळपर्यंत ती पाठ करून बसते. पायांची तार राखली ती यासाठी. ती फांदीला दोन वेढे देऊन घट्ट करायची. परी फांदीच्या टोकापासून हातभर नव्हे, चार-पाच बोटं आत. मग जवळचा एक दिवा पंखामागे दोन-तीन सेंटिमीटरवर सरकवायचा. त्याहून जवळ आणला तर पंखात नुसता टोचणारा ठिपका दिसतो, लांब नेला तर शिरा उमटत नाहीत.

पऱ्यांना काहीतरी काम हवं. ज्वारीच्या वाळल्या चिपाडाची शिडी दोन मिनिटांत होते : वरच्या सालीच्या काड्या, आतल्या गराचे तुकडे, टोचले की झालं. चिपाडाची बैलगाडी केलेल्या हातांना हे शिकवावं लागत नाही. चिपाड आधी दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर भुंगा लागतो. गोळे मोजकेच, बारीक, बिनचकाकीचे. चमकी टाळलेलीच बरी. पंख्याच्या वाऱ्याने ती डोळ्यांत जाते.

शेंड्यावर सगळ्यांत मोठे पंख असलेली परी, आणि तिच्या पायाला तीन वेढे.

(दृश्य : झाड उतरवताना. पंख वहीत ठेवले जातात.)

६ जानेवारीनंतर झाड उतरवताना आधी पऱ्या, मग माळा. पंख परीपासून सोडवून वहीच्या पानांत ठेवावेत आणि सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला, म्हणजे कसर लागत नाही. माळ पुन्हा त्याच पुठ्ठ्यावर गुंडाळा, बटणाचं टोक बाहेर ठेवून.