कॅन्सरमधल्या रक्ताच्या गुठळ्या: बाई, पुरुष आणि न विचारलेले प्रश्न

कॅन्सरमध्ये पायात नाहीतर फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊ शकते हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं, आणि कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, डॉक्टर, जास्त धोका कुणाला, बायकांना की पुरुषांना? मी म्हणते आधी कॅन्सर कुठला ते सांगा. स्वादुपिंडाचा, जठराचा, मेंदूचा असेल तर बाई काय नि पुरुष काय, दोघांनाही धोका मोठा. केमोआधी आम्ही खोराना स्कोअर काढतो, म्हणजे गुठळीच्या धोक्याचे गुण, 2008 पासून वापरात आहे, त्यात कॅन्सरची जागा, प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एवढंच बघतात, बाई की पुरुष हा रकानाच नाही.

मग फरक नाहीच का? आहे की, पण तो आडवाटेने येतो. ओव्हरीचा कॅन्सर घ्या, गाठ ओटीपोटात वाढते, शिरा दाबल्या जातात, पोटात पाणी होतं, वर मोठं ऑपरेशन, आणि कॅन्सरच्या पेशी स्वतःच रक्त गोठवणारी द्रव्यं सोडतात ते वेगळंच. पुरुषांत टेस्टिसच्या कॅन्सरला सिस्प्लॅटिन देतात आणि ते औषध गुठळीचा धोका वाढवतं, पेशंट अगदी तरुण पोरगा असला तरी. ब्रेस्टचा कॅन्सर तसा कमी धोक्याचा, पण टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनला अडवणारी गोळी सुरू झाली की धोका साधारण दोन ते तीन पट होतो, आणि प्रोस्टेटसाठी हॉर्मोन बंद करायची इंजेक्शनं देतात त्यांनीही वाढतो. म्हणून गोळ्यांची पिशवीच घेऊन या, सगळ्या गोळ्या, पाळी पुढे ढकलायला घेतलेल्यासुद्धा.

आता पाय बघायचा कसा ते दाखवते. गुडघ्याखाली पुढच्या हाडाला एक उंचवटा लागतो बघा, तिथून 10 सेंटीमीटर खाली शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजा. 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी दाखवा, आणि फरक कमी असला तरी एकाच पायाला नवी सूज, दुखणं असेल तर थांबू नका. साडीत पाय झाकलेला, त्यात "दिवसभर उभी असते म्हणून सुजलाय" असं बाई स्वतःच ठरवून टाकते, याचं मला फार वाईट वाटतं. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जा.

आणि एक गोष्ट फार राहून जाते. गुठळी झाली की रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान अशा रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात, कधी हेपरिनची इंजेक्शनं. रक्तस्राव दोघांनाही होऊ शकतो, पण जिची पाळी अजून चालू आहे तिला या गोळ्यांवर, रिव्हारोक्साबानवर तर जास्तच, भयंकर अंगावरून जाऊ शकतं, आधीच केमोने हिमोग्लोबिन खाली आलेलं असतं, आणि ती लाजून बोलत नाही, आम्हीही विचारत नाही. तासाला पॅड बदलावं लागत असेल तर फोन करा, गोळी मनाने बंद करू नका, औषध बदलता येतं, पाळीवरही उपाय करता येतो.