पगारातून कापलेले तीन पेन्स: ट्रेडेगरची गोष्ट

मंडळी, ब्रिटनची ती एनएचएस, फुकट औषधपाण्याची सरकारी सोय, तिचं नाव निघालं की सगळे लगेच अनायरिन बेव्हन या मंत्र्याचं नाव घेतात. मोठा माणूस होता, वादच नाही. पण त्या सोयीचा साचा आधी त्याच्या गावातल्या खाणकामगारांनी पन्नास-साठ वर्षं चालवून दाखवला होता, आज मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

साउथ वेल्समधलं ट्रेडेगर हे गाव तसं नवंच. १८०० च्या सुमारास सिरहाउई नदीच्या खोऱ्यात लोखंडाच्या भट्ट्या लागल्या, पाठोपाठ कोळशाच्या खाणी, आणि कामासाठी कुठून कुठून माणसं येऊन राहिली. घरं दाटीवाटीची, पाणी घाण, गटारांची बोंब. त्यामुळे १८३२ ला कॉलरा आला, १८४९ ला परत आला, आणि लोक इतके घाबरले की कॉलऱ्याने गेलेल्यांना गावातल्या दफनभूमीत नको म्हणाले, त्यांना वर डोंगरावर केव्हन गोलाय म्हणून उघडा माळ आहे तिथे नेऊन पुरलं. तिरके झालेले दगड अजून आहेत तिथे, वारा असा की उभं राहवत नाही.

आता डॉक्टरचं बघा. त्या खोऱ्यांमधे सगळीकडे पद्धत अशी की कामगाराच्या पगारातून डॉक्टरचे पैसे कापायचे, पण डॉक्टर नेमणार कोण तर कंपनी. म्हणजे पैसे आमचे आणि डॉक्टर साहेबाचा! खाणीत पाय गेला तर नुकसानभरपाईच्या केसमधे तो कोणाच्या बाजूने बोलणार, तुम्हीच सांगा. कामगारांचं भांडण होतं ते यावरून, पैसे कापण्यावरून नाही. १८९० मधे ट्रेडेगरला मेडिकल एड सोसायटी उभी राहिली. वर्गणी पौंडामागे ३ पेन्स, तेव्हाच्या पौंडात २४० पेन्स, म्हणजे पगाराच्या सव्वा टक्का. तेवढ्यात घरातल्या सगळ्यांना डॉक्टर, औषध, दात, चष्मा, गरज पडली तर लाकडी पायसुद्धा. डॉक्टर सोसायटीचे पगारी नोकर आणि कमिटीवर कोण, तर खाणीतून वर आलेली माणसं. १९०४ ला हॉस्पिटलही झालं. पुढे पुढे २४,००० वस्तीच्या गावातले जवळपास ९५ टक्के लोक यात होते.

गाव काही संतांचं नव्हतं हं, १९११ च्या ऑगस्टमधे याच रस्त्यांवर ज्यू लोकांची दुकानं फोडून लुटलीत. एकी होती, पण ती कोणाकोणाची हे विचारावं लागतं.

त्याच वर्षाच्या आसपास बेव्हन टाय ट्रिस्ट खाणीत उतरला, वय वर्षं १३. बोलताना अडखळायचा, कामगारांच्या लायब्ररीत वाचत बसायचा. १९२५ ला त्याचे वडील गेले, कोळशाच्या धुळीने छाती भरून. पुढे तो हॉस्पिटलच्या कमिटीवर आला, म्हणजे हिशोब, डॉक्टरांच्या नेमणुका, तक्रारी सगळं त्याने जवळून बघितलं. १९२९ ला खासदार, १९४५ ला आरोग्यमंत्री आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू. मी फक्त सगळ्या देशाचं ट्रेडेगर करतोय, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. १९५१ ला दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांवर पैसे लावायचं ठरलं तर सरळ राजीनामा दिला. बाहेरच्यांना वाटलं एवढ्यातेवढ्यावरून काय, पण गावात या गोष्टी कधीपासून त्या ३ पेन्समधे मिळत होत्या!

एक मात्र झालं, आणि हे मला खटकतं. सोसायटीत डॉक्टर आवडला नाही तर मीटिंगमधे उठून बोलता यायचं. एनएचएस आल्यावर सोय सगळ्या देशाला मिळाली आणि ट्रेडेगरच्या हातातली सत्ता वर गेली, बोर्डांकडे, ऑफिसांकडे. बेव्हनला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही, त्याने जाणूनबुजून हा सौदा केला असणार.

टाय ट्रिस्ट १९५९ ला बंद पडली, बेव्हन दुसऱ्या वर्षी गेला. मग बाकीच्या खाणीही गेल्या, तरुण पोरं बाहेर पडली, आणि धुळीने छाती गेलेली म्हातारी माणसं मागे राहिली. तिकडच्या डॉक्टरांना त्या खोऱ्यांमधे यायचं नसायचं. ते दवाखाने चालवले ते बऱ्याच अंशी भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी, साठ-सत्तरच्या दशकांत गेलेल्या, आणि त्यांच्यातले कितीतरी रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले.